दुभाष्याचा भविष्यकाळ

वाक्य अगदी शुद्ध होतं, आणि लोसिराबाईंना धक्का बसला तो आधी त्याचाच. सकाळपासून त्या ओसरीवर वेताच्या खुर्चीत तांबडं पेन घेऊन बसल्या होत्या. कासोलो या त्यांच्या जन्मगावच्या चर्चला शंभर वर्षं होत होती, त्यानिमित्त इंग्रजीत एक पुस्तिका निघायची होती, आणि तिचे छापखान्यातून आलेले कच्चे कागद तपासायला त्यांच्याकडे पाठवले होते. कंपालात ओळखीपाळखीच्या कुणालाही इंग्रजीतलं काही छापायचं झालं की ते आधी नामिरेम्बे टेकडीच्या उतारावरच्या या ओसरीवरून जायचं. अडतीस वर्षं बाईंनी शाळेत काळ शिकवले होते. इंग्रजी क्रियापदाचे काळ. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अजून टॅक्सी चालवणारा एखादा जुना विद्यार्थी भर चौकात मान बाहेर काढून ओरडायचा, "बाई, आय हॅव कम येस्टरडे!" आणि हा मुद्दाम चुकतोय हे कळत असूनही बाईंच्या तोंडून "केम!" निसटायचंच. तर वीस पानांत अकरा चुका निघाल्या होत्या. एकविसाव्या पानावर एकही नव्हती. तिथे लिहिलं होतं की पाहुण्या धर्मोपदेशकाचा दुभाष्या इ. क्येयुने याला इंग्रजी भविष्यकाळ समजलेला नव्हता. म्हणून प्रभू त्याच दिवशी येणार असं त्यानं सांगितलं, आणि ती भोळी माणसं दिवसभर चर्चमध्ये वाट पाहत बसली. 'समजलेला नव्हता.' पूर्ण भूतकाळ. घडून गेलेल्या गोष्टीच्याही आधी घडून गेलेली गोष्ट. जिथे भले भले पदवीधर घसरतात, तिथे लिहिणाऱ्याचा पाय घसरला नव्हता. त्या शुद्धतेचं शिक्षकी कौतुक क्षणभर मनात उमटलं, आणि मग डोळे नावावर गेले. इ. क्येयुने. एरियाबु क्येयुने. म्हणजे ताता. म्हणजे आपले वडील.

चार वाजता रेव्हरंड एझेरा झाके, त्यांचा जुना विद्यार्थी, कागद न्यायला येणार होता आणि तिथून थेट छापखान्यात जाणार होता. म्हणजे चार वाजेपर्यंत हे वाक्य बाईंच्या हातात होतं. त्यानंतर ते पाचशे प्रतींत जाणार, कासोलोच्या घराघरांत जाणार, आणि तातांना काळ कळला नाही हे कायमचं होऊन बसणार. पेन उचललं, तसंच खाली ठेवलं. खोडायचं काय? व्याकरणाची चूक असती तर एक रेघ पुरली असती. शेजारच्या आवारात कुणीतरी भुईमूग कांडत होतं, उखळीचा तो जड, एकसारखा ठोका ऐकता ऐकता बाईंना वाटलं की आपण नऊ वर्षांच्या आहोत, गुडघे दुमडून बसलो आहोत, आणि चर्चच्या जमिनीवर अंथरलेल्या सुक्या गवताच्या काड्या गुडघ्यांना टोचताहेत. त्या गवताला एक वास असायचा, उन्हाचा आणि उंदरांचा मिळून. ताताच्या सदऱ्याला निळीचा वास असायचा. पाहुणा गोरा होता, उंच होता, आणि त्याला कंबरेतून वाकून बोलायची सवय होती, जणू शब्द खाली सांडू नयेत. तो चार शब्द बोलायचा आणि थांबायचा. मग ताता. ताता सरळ भाषांतर करतच नसे. ते चार शब्द डोळे मिटून तोंडात घोळवायचा, आणि मग छातीतून सूर यायचा, आधी जमिनीलगत, मग चढत जाणारा. ओळ एकदा म्हणून झाली की तीच पुन्हा, आणि तिसऱ्यांदा ती लोकच उचलायचे, बाया जिभेनं उलुलु करायच्या, म्हातारे काठ्या आपटायचे. देवाचं नाव असं गाऊन कानात पडलं की ते कानातच राहत नाही, पोटात उतरतं, हे ज्यानं अनुभवलं त्यालाच ठाऊक. पाहुण्यानं घड्याळ पाहिलं होतं आणि हसून विचारलं होतं, "मी एवढंच म्हणालो होतो ना?" ताता म्हणाला होता, "एवढंच साहेब. आमच्या कानांना अंमळ जास्त लागतं."

आणि मग पाहुणा म्हणाला, "ही विल कम." तीनच शब्द. तो येईल. इंग्रजीत तेवढ्यानं भागतं. आज का उद्या का जगाच्या अंती, ते सगळं त्या एका 'विल'च्या पोटात खुशाल झोपून असतं. घरच्या बोलीत ती सोय नाही. अनाज्जा म्हणजे येईल, पण आजच, दिवस सरायच्या आत. अलिज्जा म्हणजे येईल, पुढे कधीतरी. मधलं अक्षर 'ना' की 'लि', एवढाच फरक. पण दोहोंतलं एक घेतल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. तातानं डोळे मिटले. इतर वेळेपेक्षा जास्त वेळ मिटले, असं बाईंना आज आठवत होतं. पण आठवणीवर भरवसा किती ठेवावा? साठ वर्षांत तिनं ते डोळे कितीदा तरी मिटवले असतील. मग सूर आला. अनाज्जा. अनाज्जा, अनाज्जा, तुझ्या दारी अनाज्जा. लोकांनी तो उचलला तेव्हा छपराच्या पन्हाळीवरचे पारवे उडाले होते.

उपदेश संपला, पाहुणा मोटारीतून पुढच्या गावी जेवायला गेला, आणि माणसं उठली नाहीत. कुणी ठरवलं नव्हतं. "अगं, चुलीवर केळी आहेत माझी," एक बाई कुजबुजली. "असू दे. तो आला आणि तू चुलीपाशी, मग?" "आला तर त्यालाही भूक लागलेलीच असेल की!" यावर पाचसहाजणी फसकन हसल्या, आणि त्यांतल्या दोघी धावत जाऊन केळीच्या पानात बांधलेलं ते वाफाळतं बोचकं चर्चमध्येच घेऊन आल्या. पुरुषांनी अंगण झाडलं. मग युनिया म्हातारी उठून घरी गेली आणि एक कोंबडी घेऊन आली, आणि ती शेजारणीच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "घे तुझी. पाच महिने अंडी खाल्ली मी, ती काही आता परत यायची नाहीत." शेजारीण कोंबडीकडे बघत राहिली. म्हणाली, "अंड्यांचं मी सांगेन त्याला. बस इथं." दोन सख्खे भाऊ होते, बांधाची खूण म्हणून लावलेल्या रोपावरून सहा वर्षं न बोलणारे, थोरला उठला, बांधाकडे गेला, आणि मुळासकट उपटलेलं रोप हातात घेऊन आला. "मीच सरकवलं होतं." धाकटा म्हणाला, "ठाऊक होतं रे." लहान लोसिरानं आईच्या कानात सांगितलं की साखर मुंग्यांनी नाही, आपण खाल्ली. आई रागावली नाही. तिचं लक्ष ताताकडे होतं. ताता वेदीच्या पायरीवर बसला होता, घामानं भिजलेला, आणि लोकांकडे असा पाहत होता, जणू हे सगळं कुणीतरी दुसऱ्यानंच केलंय.

दिवेलागणीला वरिष्ठ पाद्री सायकलवरून आले, धापा टाकत. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "घरी जा सगळे! एरियाबु, तुला इंग्रजी येतं की नाही?" सगळ्यांच्या देखत विचारलं त्यांनी. ताता उभा राहिला. "साहेब, जेवढं ऐकू आलं तेवढं सांगितलं." पुढच्या रविवारी दुभाष्याच्या जागी दुसरा माणूस होता. तो शब्दाला शब्द ठेवायचा, लोक जांभया द्यायचे. ताताला ढोल दिला. चर्चला बोलावण्याचा तो मोठा ढोल वाजवायचं काम. घरी येऊन ताता आईला म्हणाला, "बरं झालं. ढोलाला काळ नसतो." आई हसली नाही. लोसिराही हसली नाही. पाणवठ्यावर मुली तिला बघून एकमेकींना विचारायच्या, "काय गं, आज येणार का?" आणि त्या वयात, पाण्याचा डबा डोक्यावर घेऊन चढण चढताना, तिनं ठरवलं की असं इंग्रजी शिकायचं की आपल्याला कुणी हे विचारता कामा नये.

आणि शिकली. वसतिगृहाच्या शाळेत फळ्यावर एक आडवी रेघ असायची, तिच्यावर मध्ये ठिपका: आत्ता. डावीकडे सारं गेलेलं, उजवीकडे सारं यायचं. पहिल्या वर्षी तिच्या वहीत तांबड्या शाईचा नुसता सडा पडला होता, कारण घरच्या बोलीत आज गेलेल्याला एक रूप आणि फार पूर्वी गेलेल्याला दुसरं. आणि इथे सकाळची पेज आणि आजोबांचं मरण एकाच काळात! पेज प्यायले. आजोबा वारले. दोन्ही डावीकडे, दोन्ही सारखेच गेलेले. हे तिला कितीतरी दिवस निर्दय वाटलं होतं. पुढे सवय झाली, पुढे त्यातच एक स्वच्छपणा वाटू लागला, इस्त्री केलेल्या गणवेशासारखा. खूप वर्षांनी, ताता गेला त्या दिवशी, येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगत होती, "अफुड्डे." गेला, आज गेला. दुसऱ्या दिवशी उशिरा आलेल्या एका मामेभावाला सांगताना तिच्या तोंडून आपोआप "याफा" आलं. गेला, मागे कधीतरी. ताताचं पांघरूण अजून दोरीवर होतं, ओलं. आणि एक रात्र उलटताच भाषेनंच त्याला उचलून आजोबा-पणजोबांच्या रांगेत नेऊन बसवलं. त्या दिवशी बाईंना इंग्रजीची पहिल्यांदा माया वाटली. इंग्रजीत कालचं 'डाइड' आज बदलावं लागत नाही.

फाटक वाजलं. झाके आला होता, चाळिशीचा, गोल पोटाचा, पांढरी कॉलर मानेत रुतलेली. "बाई, वेळेवर आलो बघा! लिहून ठेवा कुठेतरी, असं परत होणार नाही." बाईंनी चहा ओतला, भाजलेल्या शेंगदाण्यांची बशी पुढे सरकवली. तो दाणे तोंडात टाकत म्हणाला, "मजकूर जमलाय ना? फक्त काळ बघा म्हटलं होतं. बाईंनी काळ बघितले की मी बिनघोर." बाईंनी एकविसावं पान वर काढलं. "हे कुणी लिहिलं?" विचारलं खरं; पण विचारता विचारताच 'भोळी माणसं' या शब्दांवर त्यांची नजर गेली, आणि उत्तर यायच्या आत ते त्यांना कळलं. ते शब्द त्यांचेच होते.

"मीच लिहिलं, पण गोष्ट तुमची," झाके खुशीत म्हणाला. "विसरलात? सिनियर टूच्या वर्गात, भविष्यकाळाचा पहिला तास. तुम्ही दर वर्षी सांगायचात: एक होता दुभाष्या, त्याला 'विल' कळला नाही. मग त्याचा आवाज काढून म्हणायचात, अनाज्जा, अनाज्जा! अख्खा वर्ग लोळायचा हो. जन्मात कुणी 'विल' विसरलं नाही. आणि गंमत म्हणजे, परवा कासोलोचं जुनं दप्तर चाळताना मला तो माणूसच सापडला! 'इ. क्येयुने, दुभाष्या, कामावरून दूर केला.' म्हटलं, अरे, हा तर आपल्या बाईंचा दुभाष्या!"

त्याला कळायचं काहीच कारण नव्हतं. इथे मुलांना बापाचं नाव लागत नाही. कुळाच्या नावांतलं एक नाव मिळतं. बाप क्येयुने, मुलगी नाकाबिरी. बाईंनी अडतीस वर्षं त्या रिवाजाच्या आडोशानं वर्ग घेतला होता. एक होता दुभाष्या. पहिल्या वर्षी तोंडातून सहज निघालं होतं. पोरं हसली, आणि नव्या, घाबरलेल्या शिक्षिकेला ते हसू इतकं उबदार वाटलं की दुसऱ्या वर्षी तिनं आवाजही काढला. ताता तेव्हा जिवंत होता. सुटीत घरी गेलं की ढोल ऐकू यायचा. अडतीस वर्षं, दर वर्षी चाळीस-पन्नास पोरं. बाईंनी मनात गुणाकार सुरू केला आणि सोडून दिला. पाणवठ्यावर तर चारच मुली होत्या.

"बाई? चहा निवतोय तुमचा." "निवू दे." झाकेनं शेंगदाण्यांवरून हात काढून घेतला. त्याला काहीतरी कळलं, काय ते कळलं नाही. चांगला मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा आणि हसताना तोंडावर वही धरायचा. त्याला दोष काय द्यायचा? बाईंना मात्र आता ती दुपार दिसत होती जी त्यांनी कधीच वर्गात सांगितली नव्हती. सोळा वर्षांची लोसिरा सुटीत घरी आलेली, आणि ताता केळीच्या सावलीत ढोलाला नवं कातडं चढवत बसलेला. तिनं काटकीनं जमिनीवर आडवी रेघ ओढली, ठिपका दिला, आणि गुडघ्यांवर बसून बापाला धडा दिला. "ताता, 'विल'मध्ये दिवस नसतो. तुम्ही 'लि' घालायला हवं होतं." तातानं रेघेकडे नीट पाहिलं. "म्हणजे त्याच्या वाक्यात दिवसच नव्हता?" "नव्हता." "आणि आपल्याला दिवस घातल्याशिवाय बोलता येत नाही." "नाही." "मग तो मलाच घालावा लागला की गं." "हो, पण लांबचा घालायचा!" तातानं ओलं कातडं दोन्ही हातांनी ताणलं, खुंटी ठोकली, आणि खुंटीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "लांबच्या पाहुण्यासाठी कुणी अंगण झाडलेलं पाहिलंस का?" ती चटकन म्हणाली होती, "ताता, हे उत्तर परीक्षेत चालणार नाही." आणि ताता हसला होता, सगळे दात दाखवून, लेक हुशार निघाली म्हणून.

पण मग त्या दिवशी, गोऱ्या पाहुण्याशेजारी डोळे मिटून उभा असताना, त्याला हे ठाऊक होतं का? की सात वर्षं ढोल बडवता बडवता ते सुचलं, चुकीवर घातलेल्या ठिगळासारखं? तिनं विचारलं नव्हतं. आता विचारायला कुणी नव्हतं. 'त्यानं मुद्दाम निवडलं' असं लिहावं, तर ते खरं आहे हे कोण सांगणार. देवाच्या घराच्या पुस्तकात अंदाज लिहिणं बाईंच्या हातून होणार नव्हतं. आणि 'त्याला समजलेला नव्हता' हे तरी कुणाला ठाऊक होतं? सायकलवरच्या पाद्र्यांना नाही. तिलाही नाही, तिला फक्त लाज ठाऊक होती. उखळीचे ठोके थांबले होते. उतारावरून बाजारचा कोलाहल वर येत होता. बाईंनी पेन उचललं आणि वाक्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक सरळ रेघ ओढली. झाके खुर्चीत पुढे सरकला. "बाई, चुकलं का काही? मी दोनदा तपासलं होतं."

"काही चुकलं नाही. पैकीच्या पैकी."

"मग खोडलंत कशाला?"

बाई लिहीत होत्या. पूर्वी फळ्यावर लिहायच्या तसं, सावकाश, सुटं सुटं. पाहुणे म्हणाले, तो येईल. आमच्या बोलीत 'येईल'ला दोन शब्द आहेत. दुभाष्याला एक घ्यावा लागतो. एरियाबु क्येयुने यांनी आजचा घेतला. लोक संध्याकाळपर्यंत थांबले, आणि ज्याचं त्याचं परत करून घरी गेले. एवढं लिहून झालं. मजकूर खरा होता, पुरेसा होता, इथे थांबता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पेनाचं टोक पूर्णविरामावरच टेकलेलं राहिलं, आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी आणखी एक वाक्य लिहिलं, चारच शब्दांचं, त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं, आणि कागद झाकेकडे फिरवला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा आधी रिकामा झाला आणि मग हळूहळू भरला. कॉलरच्या वर मान लाल-काळी झाली. "ही... माय फादर," तो मधला शब्द गिळून पुटपुटला. "तुमचे ताता? बाई, आणि आम्ही... मी तर लोळून हसायचो."

"मी हसवत होते, म्हणून तुम्ही हसलात. त्यात तुझं काही नाही, एझेरा. दाणे खा."

दाणे त्यानं खाल्ले नाहीत. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण अडतीस वर्षांच्या शिकवणीतलं त्याच्या वाट्याला आलेलं वर्षही तिथेच होतं. नजर पुन्हा पुन्हा त्या शेवटच्या ओळीवर जाऊन अडत होती. शेवटी त्याला राहवलं नाही. खिशातून त्यानं आपलं पेन अर्धवट काढलं. "बाई, रागावू नका. घाईत झालं असेल. ते वारले ना, किती वर्षं झाली. इथं तुम्ही 'इज' लिहिलंय. 'वॉज' हवं."

"हात लावू नकोस."

आवाज वर्गातला होता. झाकेचं पेन आपोआप खिशात गेलं. बाईंनी निवलेल्या चहाचा घोट घेतला.

"तसं नव्हे बाई, पण पाचशे प्रती निघणार," तो अजीजीनं म्हणाला. "खाली नाव तुमचं. लोक वाचतील आणि म्हणतील, लोसिराबाईंना काळ कळत नाही."

"म्हणू देत," बाई म्हणाल्या. "त्याची मुलगी आहे, म्हणतील."